ठसेकाकांच्या अर्ध्या दिवसाच्या सहली

ठसेकाका आणि काकू पहिल्यांदा भेटले तेव्हा दोघांच्या मध्ये लोखंडी जाळी होती. तुरुंगाची नव्हे, पोस्टाची. जाळीच्या आत काकू, बाहेर काका आणि काकांच्या मागे एकोणीस माणसांची रांग. काकू तेव्हा काकू नव्हत्या. बावीस वर्षांची, नोकरीला लागून अडीच महिने झालेली एक मुलगी होती ती, आणि तिचं काम म्हणजे आलेल्या प्रत्येक पत्रावर तारखेचा शिक्का धाडकन मारणं. त्या खिडकीपाशी लोक तिकिटं मागायला येत, पत्र हरवलं म्हणून भांडायला येत. हा मनुष्य एक पाकीट घेऊन आला आणि मेलेलं पाखरू दाखवावं तसं दोन बोटांत धरून त्यानं ते तिच्यापुढे नाचवलं.

"हे बघा."

"काय झालं? पत्ता चुकला?"

"पत्ता बरोबर आहे."

"मग उशिरा आलं का?"

"वेळेवर आलं."

"मग?"

"इंग्रजी आठाची डावी बाजू उठत नाही. तीन झालाय त्याचा. बाई, तुम्ही हजारभर लोकांना पाच दिवस मागे ढकलताय."

पुढे काय झालं याबद्दल दोघांचे दोन वृत्तान्त आहेत आणि दोन्ही खोटे वाटावेत इतके लांब आहेत. काका म्हणतात, रांगेतल्या तिसऱ्या आजोबांचं वय रांगेतच एका वर्षानं वाढलं. काकू म्हणतात, एका बाईंनी उभ्या उभ्या स्वेटरची अख्खी बाही विणून काढली. एवढं मात्र दोघांनाही मान्य आहे की काकांनी जाळीखालून हात घालून सरकारी शिक्का बाहेर ओढला, खिशातून दात घासायचा जुना ब्रश आणि रॉकेलची बाटली काढली, आणि आठाच्या पोटात साचलेली बारा वर्षांची शाई खरवडून काढली. पोस्टमास्तर चोर चोर करत धावत आले आणि जवळ आल्यावर तेही बघत उभे राहिले. मग ठसा तपासायला कोरा कागद सापडेना. "हात बघू," काका म्हणाले. मुलीनं गोंधळून तळहात पुढे केला. धाडकन आवाज झाला. "बघा आता कसा उठलाय!"

ती तारीख तळहातावरून चार दिवस निघाली नाही. आईनं घासली, मावशीनं घासली, शेवटी वडील चौकशी करत करत काकांच्या दुकानात जाऊन पोचले. आठ महिन्यांनी लग्न झालं. रांगेतले सहाजण जेवायला होते.

ठसेकाकांचं दुकान म्हणजे महसूल कचेरीच्या समोरच्या इमारतीत जिन्याखालची जागा. आत एक माणूस बसू शकत असे आणि दुसऱ्याला फक्त डोकावता येत असे. तिथं बसून काकांनी गावातल्या निम्म्या कचेऱ्यांचे रबरी शिक्के केले. 'खरी प्रत', 'पोचले', 'अमान्य', 'योग्य कार्यवाहीसाठी'. काकांचं म्हणणं असं की साहेब बदलतात, सही बदलते, पण शिक्का नीट उठला असेल तर कागदाला आपण कोण आहोत ते कळतं. माणसाकडेही ते याच नजरेनं बघत. जावई पहिल्यांदा घरी आला, चहा पिऊन गेला, तेव्हा काकूंनी विचारलं, "कसा वाटला?" काका विचार करून म्हणाले, "जरा फिकट आहे. पण कडा चांगल्या आहेत."

घरात डाळींच्या डब्यांवर शिक्के होते, चादरींच्या कोपऱ्यांवर शिक्के होते. लेक शाळेत असताना तिच्या गृहपाठावर रोज 'तपासले' उमटत असे, आणि गणित राहिलेलं असलं तर 'प्रलंबित'. बाईंनी वर्गात विचारलं, "हे कुणी केलं?" तर लेक म्हणाली, "आमच्याकडे असंच असतं."

काकूंनी मात्र तेहतीस वर्षं शिक्का मारला आणि त्यांना त्या वस्तूबद्दल काडीचंही प्रेम उरलं नाही. उजवा खांदा कामातून गेला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. काकू निवृत्त झाल्या त्या दिवशी लेकीनं विचारलं, "आई, तुला काय हवंय सांग. काहीही."

काकूंनी जराही विचार न करता सांगितलं, "एक खुर्ची. समोर पाणी. आणि माझ्यापुढे रांग नको."

"बस?"

"आठ दिवस. जेवायला उठेन, झोपायला उठेन. बाकी मला कुणी उठवायचं नाही."

लेकीनं शब्द पाळला. परदेशात एका तळ्याकाठच्या घरातली खोली आठ दिवसांसाठी घेतली. सज्जा होता, सज्जात खुर्ची होती. लेकीनं खुर्चीचे फोटो चार बाजूंनी मागवून आईला दाखवले. काकांकडून तिनं वेगळा शब्द घेतला. "बाबा, ही आईची सुट्टी आहे. तुम्ही तिला कुठेही न्यायचं नाही."

"मी कशाला नेतोय?" काका म्हणाले. त्या वेळी ते मनापासून बोलत होते.

सगळं बिनसलं ते परक्या विमानतळावर. काका तीन महिने पासपोर्टाचं पहिलं कोरं पान उघडून त्यावर ठसा कुठे बसेल याचा अंदाज घेत होते. शिक्का गोल असला तर डावीकडे, आयताकृती असला तर मधोमध. आणि तिथं गेल्यावर समोर आलं एक काचेचं दार आणि एक यंत्र. यंत्रानं काकांचा चेहरा पाहिला, तो त्याला पटला, दार उघडलं. काका जागचे हलले नाहीत.

"शिक्का?" त्यांनी शेजारच्या पहारेकऱ्याला विचारलं. भाषेचं म्हणाल तर अर्धं काम खुणांनी होत होतं आणि अर्धं लेकीनं फोनमध्ये घालून दिलेल्या दुभाष्यानं. आपण सगळं मराठीतच ऐकू.

"लागत नाही आता, आजोबा. यंत्रात नोंद होते."

"ती तुमची झाली. माझ्याकडे काय?"

"तुम्ही आत आलात ना?"

"आलो हे खरं कशावरून?"

पहारेकऱ्याला असा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. तेवढ्यात काकूंनी काकांना बाहीला धरून आत ओढलं.  गाडीत काका कोरं पान उघडून ते मांडीवर धरून बसले होते.

खुर्ची फोटोपेक्षा चांगली निघाली. लाकडी, पाठीकडे किंचित कललेली, हात टेकायला रुंद पाट्या. काकू तिच्यात बसल्या, चपला सोडल्या, दुखरा हात पाटीवर अलगद ठेवला. समोर पाणी होतं आणि त्या पाण्याला काकूंकडून काहीही नको होतं. काकूंनी डोळे मिटले. वीस मिनिटं झाली असतील नसतील, सज्जाचं दार उघडलं आणि काका हातात एक छापील कागद घेऊन उभे राहिले. चेहरा उजळलेला.

"घरमालकीणबाईंनी दिला," काका म्हणाले. "आपण कुठे येऊन पडलोय तुला कल्पना आहे का? इथून तीन देश लागून आहेत. तीन! अर्ध्या दिवसाच्या सहली असतात. सकाळी बसनं सीमेपलीकडे जायचं, जेवायला परत. आणि बाई म्हणाल्या, तिकडच्या चौक्यांवर जुनाट लोक आहेत, अजून हातानं शिक्का मारतात."

"मी बसलेय."

"बसल्यावरून आठवलं, बसमध्येही बसायचंच असतं."

"तुम्ही या ना जाऊन. मी कुठे नाही म्हणतेय?"

"मी एकटा? अगं, खिडकीतल्या माणसाशी मी बोललो की काय होतं ते तुला माहीत आहे."

काकूंना माहीत होतं. वीज कचेरीत एकदा उलटा शिक्का मारल्याबद्दल काकांनी साहेबांना स्टुलावरून खाली उतरवून त्यांच्याकडून दहा वेळा सराव करून घेतला होता. इथं तर सीमेवरची चौकी, कमरेला पिस्तूल लावलेली माणसं. विधवा होण्यापेक्षा अर्धा दिवस बसमध्ये घालवलेला बरा, असा हिशेब करून काकू म्हणाल्या, "एकच देश. मग मला उठवायचं नाही."

"एकच," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिला देश झाला. चौकीवर एक म्हातारबाबा होते. त्यांनी पासपोर्ट घेतला, शिक्क्यावर तोंडानं हलकी वाफ सोडली, आणि हात न उचलता, मनगटातून दाबून, असा गोल ठसा उठवला की काकांनी टोपी काढली. बस थांबली त्या चौकात चपलांचं एक दुकान, एक घड्याळ आणि एक बाक होतं. काका बाकावर बसून पान बघत राहिले. काकूंनी दुकानातल्या सगळ्या चपला बघितल्या. चाळीस मिनिटांनी बस परत फिरली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "कुठे गेला होतात? काय सांगता! कसा आहे तो देश?"

"कडा स्वच्छ आहेत," काका म्हणाले. "दाब एकसारखा."

लेकीनं आईला फोन द्यायला सांगितलं. आई म्हणाली, "उद्यापासून बसणार आहे."

पण पहिल्या देशाचा ठसा पानाच्या डाव्या कोपऱ्यात इतका एकटा दिसत होता की काकांचा जीव तुटला. "त्याला जोडीदार तरी हवा," ते सकाळी न्याहारीच्या टेबलावर म्हणाले, जणू मुलगी उजवायची होती. दुसऱ्या देशाचा शिक्का षटकोनी आणि हिरव्या शाईचा निघाला. अधिकारीणबाई डावखुऱ्या होत्या. डावखुरा हात शिक्का कसा फिरवतो हे नीट दिसलं नाही म्हणून काका बाहेर पडले, पुन्हा रांगेत उभे राहिले, पुन्हा आत आले. आणि मग आणखी एकदा. त्या देशात ते तीनदा शिरले आणि देश काही त्यांनी पाहिला नाही. काकू रांगेशेजारी उभ्या होत्या. रांग बघून त्यांचा खांदा आपोआप ठणकायला लागला.

"आता तिसरा सोडला तर त्याला काय वाटेल?" काका म्हणाले.

"त्याला वाटू दे. मला काय वाटतं ते विचारा."

"तुला काय वाटतं?"

"मला खुर्ची वाटते!"

काका ओशाळले. पण चौथ्या दिवशी बसचा चालकच दाराशी येऊन भोंगा वाजवू लागला. काकांनी तिन्ही सहलींचं आरक्षण पहिल्याच दिवशी करून ठेवलं होतं.

तिसऱ्या देशाची चौकी म्हणजे पिवळ्या रंगाची एक खोली. आत जाड भिंगांचा चष्मा लावलेला, खांदे पाडून बसलेला अधिकारी. त्यानं वर न बघता शिक्का टेकवला. टेकवला म्हणजे काय, पानाला नुसता वास दिला. फिकट, तिरका, खालची ओळ गायब, महिन्याचा अर्धा भाग कुठल्या कुठे. तसाच ठसा काकूंच्या पासपोर्टावर. काकूंनी तो बघितला, मिटला, पर्समध्ये टाकला. काकांना बसमध्ये पाणी पाजावं लागलं. डाव्या कोपऱ्यातला गोल, मधला हिरवा षटकोन, आणि त्यांच्या पंगतीत हा भिकारी! काका परतीच्या वाटेवर सारखे म्हणत होते, "तेहतीस वर्षांत तू असा कधी मारलास का? सांग ना, एकदा तरी?"

पाचव्या दिवशी सकाळी काका फारच शहाण्यासारखे वागले. म्हणाले, "आज तू बस. मी काही बोलणार नाही. आत बसतो मी." काकूंना संशय यायला हवा होता, पण खुर्ची समोर असली की माणसाची अक्कल चालत नाही. त्या बसल्या. अख्खा तास बसल्या. पाण्यावर दोन बदकं आली, गेली. काकूंना वाटलं, सुट्टी आत्ता सुरू झाली.

आतून काका आले. बोटांना काळी शाई. पासपोर्ट उघडा धरून त्यांनी काकूंच्या नाकासमोर आणला. तिसऱ्या देशाचा ठसा पूर्ण उठला होता. खालची ओळ, अख्खा महिना, कडेची बारीक नक्षी, सगळं कसं जिवंत. बारीक ब्रशानं, केसागणिक भरलेलं.

"बघ आता कसा उठलाय!"

काकूंनी तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली होती. त्यांना ठसा दिसलाच नाही, कायद्याची कलमं दिसली. "अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे काय केलंत तुम्ही?"

"दुरुस्ती."

"सरकारी शिक्का हातानं काढलात?"

"काढला नाही गं. होताच तो. मी फक्त त्याला वर आणला. तुझाही दे, शाई ओली आहे तोवर हातासरशी करून टाकतो."

काकूंनी पर्स छातीशी धरली आणि खुर्चीतून उठल्या. त्या सुट्टीत त्या आपण होऊन उठल्या अशी ही पहिली वेळ. परतीचं विमान तीन दिवसांवर होतं आणि हातात खोट्या शिक्क्याचा पासपोर्ट घेऊन नवरा हसत उभा होता. पोस्टात चुकीचा ठसा उठला तर त्यावर रद्दचा शिक्का मारून साहेबाची सही घेतात, एवढा एकच उपाय काकूंना माहीत होता. "चपला घाला," त्या म्हणाल्या. "त्या चष्मेवाल्याकडे जायचं. खरं खरं सांगायचं. तो रद्द करेल आणि नवा मारेल."

"तो? आणि नवा मारणार? मारता येत असता तर—"

"चपला!"

पिवळ्या खोलीत चष्मेवाल्या साहेबांनी पासपोर्ट घेतला, भिंगाजवळ नेला आणि पहिल्यांदाच ताठ बसले.

"साहेब," काकू हात जोडून म्हणाल्या, "हा ठसा तुमचा नाही. आमच्या यांनी चुकून हातानं भरलाय. रद्द करा आणि दुसरा द्या, एवढीच विनंती आहे."

"माझा नाही?" साहेब म्हणाले. "बाई, बावीस वर्षं हा शिक्का माझ्या हातात आहे. हा माझा नाही तर कुणाचा?"

"ह्यांचा."

"अशक्य. किती सुंदर आलाय!" साहेबांनी पासपोर्ट पुन्हा भिंगाजवळ नेला. "गेल्याच महिन्यात वरिष्ठ येऊन बोलून गेले. म्हणाले, तुमचे ठसे म्हणजे माशा मारल्यासारखे. त्यांना हा दाखवायला हवा."

"अहो साहेब, खोटा आहे तो!"

"बाई, तुम्ही माझ्या कामाचा अपमान करताय."

काका दाराशी उभे राहून मान खाली घालून लाजत होते. काकूंनी शेवटी टेबलावरचा शिक्का स्वतःच उचलला आणि साहेबांसमोरच्या कागदावर मारून दाखवला. फिकट, तिरका, अर्धा महिना बेपत्ता. साहेबांनी कागद बघितला, पासपोर्ट बघितला, पुन्हा कागद. त्यांचे खांदे पुन्हा पडले. ते काकूंकडे वळले नाहीत, काकांकडे वळले. "ह्याला काय झालंय हो?" त्यांनी आजारी लेकराबद्दल विचारावं तसं विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "पोट साफ नाही त्याचं. रॉकेल आहे का?"

पुढचा पाऊण तास तो देश बंद होता. काका साहेबांच्या टेबलाशी बसून शिक्का घासत होते, साहेब कंदील धरावा तसा टेबलावरचा दिवा धरून उभे होते, आणि बाहेर बसमधून उतरलेली अठ्ठावीस माणसं भिंतीला टेकून उभी होती. मग शिक्का तयार झाला, आणि साहेबांचं लहान मूल होऊन गेलं. त्यांनी तो हजेरीपटावर मारला, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मारला, डब्याच्या कागदावर मारला. दर वेळी दोघं माना खाली घालून बघत आणि "वा!" म्हणत. रांगेतलं एक मूल रडायला लागलं.

काकूंना रांग नको होती, हे खरं. पण रांग समोर असताना खिडकीतला माणूस कामाशिवाय बसलेला बघणं त्यांना त्याहून असह्य होतं. "साहेब, सरका," त्या म्हणाल्या. तेहतीस वर्षांच्या नोकरीचा आवाज होता तो, साहेब सरकले. काकू त्यांच्या खुर्चीत बसल्या, पहिला पासपोर्ट घेतला, पान उघडलं आणि धाडकन मारला. साहेब म्हणाले, "मी जरा गरम सूप पिऊन येऊ का? बावीस वर्षांत दुपारी गरम प्यालो नाही."

"या," काकू म्हणाल्या. "पुढचे!"

अठ्ठावीस माणसं सतरा मिनिटांत झाली. मग दुसरी बस आली. साहेब सुपाचे दोन वाडगे प्यायले. काकू उठल्या तेव्हा हात कमरेच्या वर जात नव्हता. साहेबांनी कृतज्ञतेनं काकांच्या पासपोर्टात, भरलेल्या ठशाच्या शेजारी, एक नवाकोरा खरा ठसा मारून दिला. पण जुना रद्द करायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. "दोन्ही माझेच आहेत," ते म्हणाले.

बातमी चौक्याचौक्यांतून पसरली. सहाव्या दिवशी काकू सज्जात आल्या तर खुर्चीत चष्मेवाले साहेब बसले होते. कठड्यावर डावखुऱ्या अधिकारीणबाई. पहिल्या देशाचे म्हातारबाबासुद्धा आले होते. त्यांच्या शिक्क्याला काही झालेलं नव्हतं, पण त्यांना माणूस बघायचा होता. घरमालकीणबाई चहा देत होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर रॉकेलच्या वाटीत तीन देशांचे तीन शिक्के पाय सोडून बसले होते, आणि त्यामुळे तिन्ही सीमांवर त्या वेळेला कुणालाही कुठेही जाता येत नव्हतं.

"काकू, बसा ना," चष्मेवाले साहेब अर्धवट उठत म्हणाले.

"असू दे," काकू म्हणाल्या. "तुम्ही पाहुणे आहात."

त्या आत जाऊन पलंगावर पडल्या. सातवा दिवसही पलंगावरच गेला; खांदा इतका सुजला होता की खुर्चीच्या पाटीवर हात ठेववेना. काका शेजारी बसून शेकत होते. त्यांना थोडंफार कळलं असावं. "अगं," ते म्हणाले, "मी तुझी सुट्टी खाल्ली का?"

"खाल्ली."

"सगळी?"

"एक तास वीस मिनिटं सोडून. आता उद्या विमानतळावर तोंड उघडू नका. यंत्रापुढे उभं राहायचं, दार उघडलं की चालायला लागायचं. तेवढं केलंत तर मी सगळं विसरेन."

"नाही उघडत तोंड," काका म्हणाले. या वेळीही ते मनापासून बोलत होते.

आणि यंत्रानं काकूंना सोडलंसुद्धा. पलीकडे जाऊन काकूंनी मागे बघितलं तर काका यंत्रापुढे नव्हते. ते कोपऱ्यातल्या एकुलत्या एका खिडकीपाशी उभे होते. खिडकीत एक तरुण अधिकारी कंटाळून बसला होता. यंत्रं आल्यापासून त्याच्याकडे कुणी येत नसे. आलेलं माणूस बघून त्याला आनंद झाला. त्यानं पानं उलटली. "अरे वा, केवढे शिक्के! आठ दिवसांत?"

एवढंच म्हणाला असता तरी निभावलं असतं. पण पुढे तो म्हणाला, "हल्ली असे चांगले ठसे दिसत नाहीत."

काकांच्या छातीत काहीतरी फुललं. काचेपलीकडून काकू दोन्ही हातांनी, म्हणजे दीड हातानं, नको नको करत होत्या. काका खिडकीशी वाकले. "यातला एक माझ्या हातचा आहे," ते म्हणाले. "ओळखा."

अधिकारी हसला. त्याला ती थट्टा वाटली. भिंग काढून त्यानं एकेक ठसा नीट बघितला, आणि बरंच बघून बोट ठेवलं ते चष्मेवाल्या साहेबांच्या नव्याकोऱ्या खऱ्या ठशावर. "हा. हा जरा संशयास्पद वाटतो."

आता यात गप्प बसणं काकांना जमण्यासारखं नव्हतं. स्वतःची अटक त्यांनी सोसली असती; पण आपल्या हातचं काम खरं आणि शेजारचं खरं काम खोटं ठरतंय, आणि तेही आपणच दुरुस्त केलेल्या शिक्क्याचं, हा दुहेरी अन्याय होता. "अहो, तो खरा!" ते ओरडले. "हा माझा. हा! महिन्याच्या अक्षराचं वळण बघा, ब्रश उचललेला दिसेल."

अधिकाऱ्यानं बघितलं. ब्रश उचललेला दिसला. त्यानं फोन उचलला.

काकांना अटक झाली नाही. वय बघून आणि काकूंचा चेहरा बघून त्यांना सोडलं. पासपोर्ट मात्र ठेवून घेतला आणि घरी जाण्यापुरता एक कागद दिला. त्या कागदावरचा शिक्का पुसट होता. विमानात काका तो बघत राहिले. काकूंनी त्यांच्या खिशातलं पेन काढून आपल्या पर्समध्ये टाकलं.

घरी आल्यावर पत्र आलं. काकांना पाच वर्षं नवा पासपोर्ट मिळणार नाही. काकूंच्या पासपोर्टातले सगळे शिक्के खरे होते, त्यामुळे त्यांना काही अडचण नव्हती. पुढच्या वर्षी लेकीनं तीच खोली घेतली आणि काकू एकट्या गेल्या. आठ दिवस खुर्चीत बसल्या. पाचव्या दिवशी त्यांना कंटाळा आला, पण तिकीट अलीकडच्या तारखेचं करून मिळालं नाही.